मराठीच्या तासाला मुलांना बोलू द्या

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

मराठीला 3 ऑक्टोबर 2024 रोजी अभिजात भाषेचा दर्जा मिळाल्यापासून भाषेच्या प्राचीनतेविषयी, ग्रंथसंपदेविषयी आणि संवर्धनाविषयी वर्तमानपत्रांतून पुष्कळ लिहिले गेले आणि मी ते आस्थेने वाचले. मात्र बहुसंख्य मराठी मुलांची साहित्याशी पहिली आणि कित्येकदा शेवटची भेट ज्या ठिकाणी होते, त्या नववी-दहावीच्या मराठीच्या तासाविषयी या लेखनात फारच थोडे आले. आमच्या शाळेतून दहावी झालेली मुले पुढे आयटीआयला जातात, तंत्रनिकेतनात जातात, काही शेतीकडे वळतात, काही मुलींची लग्ने ठरतात. त्यांतल्या किती जणांच्या हाती पुन्हा कवितेचे पुस्तक येईल, हे मला सांगता येत नाही. म्हणून या दोन वर्षांत त्यांना साहित्य कसे भेटते, हा प्रश्न मला फार मोलाचा वाटतो. गेली 22 वर्षे अमळनेर तालुक्यातील एका गावात मी मराठी शिकवते आहे आणि त्या अनुभवाच्या आधारे हे पत्र लिहीत आहे.

आमच्याकडे कविता शिकवण्याची रूढ पद्धत सर्वांना परिचित आहे. शिक्षक कविता चालीत म्हणतात, मग एकेका ओळीचा अर्थ सांगतात, कठीण शब्द फळ्यावर लिहितात, ‘मध्यवर्ती कल्पना’ उतरवून देतात आणि स्वाध्याय घरून लिहून आणायला सांगतात. घरी मुले गाईड उघडतात. दुसऱ्या दिवशी साठ वह्यांमध्ये एकच उत्तर येते, काना-मात्रेच्या चुकांसह एकच. रसग्रहणाच्या उत्तरात ‘प्रस्तुत कवितेत कवीने आपल्या भावना अत्यंत समर्पक शब्दांत व्यक्त केल्या असून त्या वाचकाच्या मनाला स्पर्शून जातात’ अशा धाटणीचे वाक्य असते. कवितेचे आणि कवीचे नाव बदलले की हे वाक्य पुस्तकातल्या कोणत्याही कवितेला बसते, आणि परीक्षेत त्याला गुणही मिळतात. ज्या मुलाने ते लिहिले त्याच्या मनाला काय स्पर्शून गेले, हे त्याला कोणी विचारत नाही. मीही माझ्या नोकरीची पहिली दहा-बारा वर्षे असेच शिकवले आहे. निकाल चांगला लागत होता, म्हणून त्यात काही चुकते आहे असे मला वाटले नाही. त्या वर्षांतल्या मुलांचे माझ्याकडून राहून गेलेले देणे मला आजही टोचते.

माझा विचार बदलला तो बहिणाबाई चौधरींच्या खोप्याच्या कवितेमुळे. बहिणाबाई आमच्याच जिल्ह्यातल्या, जळगावजवळच्या आसोद्याच्या. त्यांना लिहिता-वाचता येत नव्हते. घरकाम आणि शेतकाम करता करता त्यांनी रचलेल्या ओळी मुलाने आणि नात्यातल्या एकाने उतरवून ठेवल्या आणि 1951 मध्ये त्या गेल्यानंतर पुढच्या वर्षी आचार्य अत्रे यांच्या प्रस्तावनेसह त्या पुस्तकरूपाने प्रसिद्ध झाल्या. सुगरण पक्ष्याच्या खोप्यावरची त्यांची कविता खानदेशात लहान मुलांनाही तोंडपाठ असते. मी ती नववीच्या वर्गात उजळणीसाठी घेतली होती. पिलांमध्ये जीव अडकलेली सुगरण इवल्याशा चोचीने केवढे घर विणते, आणि माणसाला तर देवाने दोन हात आणि दहा बोटे दिली आहेत, असा अर्थ मी सांगत असताना मागच्या बाकावरचा एक मुलगा उभा राहिला आणि म्हणाला, “मॅडम, खोपा मादी नही बांधस, नर बांधस.”

त्याच्या मळ्यातल्या विहिरीवर एक बाभूळ आहे आणि दर पावसाळ्यात तिच्या पाण्यावर झुकलेल्या फांद्यांना खोपे लटकतात. त्याने ते लहानपणापासून पाहिलेले होते. पिवळ्या डोक्याचा नर गवताची पाती फाडून आणतो, गाठी मारतो, खोपा अर्धा झाला की पंख फडफडवून मादीला बोलावतो. मादी आत शिरून पाहते, आवडला तर राहते आणि मगच नर त्याला खालची लांब नळी जोडून खोपा पुरा करतो. नापसंत झालेले खोपे तसेच अर्धवट लोंबत राहतात. पक्ष्यांचे अभ्यासकही हेच सांगतात. मुलाचे म्हणणे पूर्णपणे खरे होते. पूर्वीची मी असते तर ‘कवितेत तसे चालते’ असे म्हणून त्याला खाली बसवले असते. त्या दिवशी मला काय सुचले कोण जाणे, मी खडू खाली ठेवला आणि वर्गाला विचारले, “मग आता या कवितेचे काय करायचे?”

त्यानंतरची 20 मिनिटे मी क्वचितच बोलले. काही मुलांनी कविता चुकीची ठरवली आणि ती पुस्तकात ठेवू नये असे सुचवले. एका मुलीने विचारले, की खोप्यात पिलांजवळ कोण असते? मादीच ना? मग बहिणाबाईंनी जेव्हा पाहिले तेव्हा त्यांना खोप्यात ये-जा करणारी आईच दिसली असेल. दुसरीने बहिणाबाईंच्या आयुष्याची आठवण काढली: ऐन तारुण्यात वैधव्य आलेली बाई, एकटीने मुले वाढवणारी, तिला घर बांधणारा कोणी बाप्या दिसेल कसा? हे वाक्य मी कोणत्याही गाईडात वाचलेले नाही. मग एकाने आणखी वेगळा मुद्दा मांडला. आपल्या भाषेत पक्ष्याचे नावच मुळी ‘सुगरण’ आहे, म्हणजे स्त्रीलिंगी. चांगला स्वयंपाक करणाऱ्या बाईलाही आपण सुगरणच म्हणतो. तेव्हा खोपा विणणारी बाईच असणार हे बहिणाबाईंच्या आधी भाषेनेच ठरवून ठेवले आहे. यावर मुलींनी विचारले, की मग चांगला स्वयंपाक करणाऱ्या पुरुषाला काय म्हणायचे? तास संपल्याची घंटा झाली तेव्हा या प्रश्नाचे उत्तर मिळालेले नव्हते आणि मुले ते बोलतच मैदानाकडे गेली.

पक्षिशास्त्रातले सत्य आणि कवितेतले सत्य यांचे नाते काय, कवीचे जगणे त्याच्या प्रतिमेत कसे उतरते, शब्दाचे लिंग आपल्या पाहण्यावर कसा परिणाम करते, हे प्रश्न एम.ए.च्या वर्गातही विचारले जातात. ते नववीतल्या मुलांनी स्वतःच्या बळावर उभे केले, कारण एकदा तरी त्यांच्या माहितीला वर्गात किंमत मिळाली. तो मुलगा मराठीत जेमतेम उत्तीर्ण होत असे. पुढे त्याच्याच पुढाकाराने आम्ही पहिला खरा प्रकल्प केला. जुलै ते सप्टेंबर या काळात पाच गटांनी पाच विहिरींवरच्या खोप्यांची दर रविवारी नोंद ठेवली, अर्धवट सोडलेले खोपे वेगळे मोजले, आणि त्या नोंदींच्या शेजारी कवितेतली एकेक प्रतिमा लिहून ‘बहिणाबाईंनी काय पाहिले, आम्ही काय पाहिले’ अशी वही तयार केली. वहीची भाषा ओबडधोबड आहे. तरी एकही वाक्य उसने नाही.

प्रकल्प या शब्दाविषयी येथे थोडे स्पष्ट बोलले पाहिजे, कारण तो शब्द शाळांमध्ये फार स्वस्त झाला आहे. पाठाखाली ‘उपक्रम’ म्हणून दिलेली चौकट वाचून बहुतेक ठिकाणी मुलांना ‘संतांची माहिती गोळा करा’ असे सांगितले जाते. मग मुले स्टेशनरीच्या दुकानातून चित्रांचा तक्ता आणतात, मोबाइलवर सापडलेला मजकूर उतरवतात, चमकीच्या पट्टीने वही सजवतात, आणि ज्याच्या घरी सवड व पैसा आहे त्याची वही सर्वांत सुंदर दिसते. आईवडिलांनी रात्र जागून केलेले प्रकल्प मी तपासले आहेत, त्यांना गुणही दिले आहेत. आता तर संगणकाला सांगितले की तो दहा पानांचा प्रकल्प क्षणात लिहून देतो. यावर उपाय म्हणून प्रकल्प बंद करणे मला पटत नाही. प्रकल्पाचा प्रश्नच असा हवा, की त्याचे उत्तर मुलाच्या घरात, गल्लीत, शेतात किंवा बाजारात जाऊन आणावे लागेल आणि परत येऊन मूळ कवितेशी अथवा पाठाशी ताडून पाहावे लागेल. आजीने दिलेले उत्तर कोणत्याही दुकानात विकत मिळत नाही.

जात्यावरच्या ओव्यांचा प्रकल्प असाच झाला. आमच्याकडे जात्याला ‘घरोट’ म्हणतात आणि बहिणाबाईंनीही त्याच नावाने त्याच्यावर रचना केली आहे. मुलांच्या घरात घरोट आहे, पण ते गोठ्यात उलटे पडलेले किंवा अंगणात तुळशीजवळ ठेवलेले. मुलांनी आजीला, आजीच्या मैत्रिणींना, शेजारच्या काकूंना ओव्या विचारायच्या, त्या ऐकल्या तशाच लिहायच्या, आणि ओवी सांगताना त्या थांबल्या कुठे, हसल्या कुठे, कोणती ओवी सांगायला नको म्हणाल्या, हेही टिपायचे, एवढीच सूचना मी दिली होती. साने गुरुजींनी खेडोपाड्यांतल्या स्त्रियांच्या ओव्या गोळा केल्या. पुढे हेमा राईरकर आणि गी पॉइत्व्हाँ या संशोधकांनी सहकाऱ्यांसह महाराष्ट्रातल्या गावागावांतून एक लाखाहून अधिक ओव्या जमवल्या. त्याच कामातला एक कण आपण वेचतो आहोत, हे मुलांना सांगितल्यावर त्यांच्या चालण्यात फरक पडला. मुलांनी आणलेल्या ओव्यांत माहेरची वाट, भाऊ, विठ्ठल हे नेहमीचे होतेच. पण सासूला, दीराला आणि एका ओवीत तर प्रत्यक्ष बापाला विचारलेले जाबही होते. वर्गात त्यावर बोलताना मुलींचा आवाज चढला. वृत्त, यमक आणि ओवीची साडेतीन चरणांची बांधणी मी त्यानंतर शिकवली. ती मुलांना पटकन समजली, कारण लय त्यांच्या कानात आधीच बसलेली होती.

या कामाचा आणखी एक लाभ मला अपेक्षित नव्हता. आमची मुले घरी अहिराणी बोलतात आणि शाळेत ती ‘अशुद्ध’ म्हणून दाबून टाकतात. बहिणाबाईंची बोली लेवा समाजाची, आमच्या गावाची अहिराणी. दोन्हींत फरक आहे, तरी शेजार आहे. आजीच्या तोंडचा शब्द वर्गात फळ्यावर लिहिला जातो, त्याच्या अर्थावर वाद होतो, तो प्रमाण मराठीत कोणत्या शब्दाजवळ जातो हे शोधले जाते, तेव्हा मुलाला प्रमाणभाषेचीही भीती वाटेनाशी होते. प्रमाणलेखन मी काटेकोरपणे तपासते आणि त्यात सवलत देत नाही. पण बोलताना मुलाला त्याच्या भाषेत विचार पुरा करू दिला नाही, तर लिहायला त्याच्याजवळ काही उरतच नाही, हे मी पुन्हा पुन्हा पाहिले आहे.

चर्चा म्हणजे ‘बोला रे मुलांनो’ असे म्हणून खुर्चीत बसणे, असा गैरसमज आहे आणि सुरुवातीला माझाही तो होता. पहिल्या वर्षीच्या माझ्या बऱ्याच चर्चा फसल्या. चार हुशार मुले बोलत, बाकीची त्यांच्याकडे पाहत बसत, आणि शेवटी मीच उत्तर सांगून टाकत असे, त्यामुळे मुलांना कळून चुकले होते की वाट पाहिली की बाई सांगतातच. हळूहळू काही गोष्टी हाती लागल्या. ‘कवीला काय सांगायचे आहे?’ हा प्रश्न चर्चेला निरुपयोगी आहे, कारण त्याचे एकच उत्तर असते आणि ते गाईडात असते. संहितेतल्या पुराव्याने ज्याची दोन उत्तरे देता येतील, असा प्रश्न शोधावा लागतो, आणि तो शोधणे हीच शिक्षकाची खरी पूर्वतयारी होय. माझ्या टाचणवहीत आता पाठाच्या सारांशाऐवजी असे दोन-तीन प्रश्न असतात. प्रश्न विचारल्यावर पहिली तीन मिनिटे कोणी बोलायचे नाही, प्रत्येकाने चिठ्ठीवर आपले मत आणि त्याला आधार असलेली ओळ लिहायची. त्यामुळे अबोल मुलाजवळही काही तयार असते. मग पाच-सहा जणांच्या गटात बोलणे, आणि शेवटी सगळ्या वर्गात. वर्गात बोलणाऱ्याने आधीच्या मुलाचे म्हणणे आपल्या शब्दांत सांगून मगच स्वतःचे मांडायचे, हा नियम मुलांना सुरुवातीला फार जड गेला, कारण त्यासाठी दुसऱ्याचे ऐकावे लागते. ‘मला वाटते’ एवढ्यावर कोणालाही सोडायचे नाही. कोणत्या ओळीवरून वाटते, हे विचारायचे. असे विचारले म्हणजे मुले पान उलटून पुन्हा वाचतात. 35 मिनिटांत 15 वेळा पुस्तकात परत जाणारा वर्ग मी व्याख्यान देऊन कधीच घडवू शकले नसते.

दहावीच्या वर्गात अण्णाभाऊ साठे यांच्या जयंतीच्या, म्हणजे 1 ऑगस्टच्या सुमारास मी ‘स्मशानातलं सोनं’ ही कथा पूरक वाचन म्हणून घेते. खाण बंद पडून बेकार झालेला भीमा पोटासाठी स्मशानातली राख चाळू लागतो, पुढे प्रेते उकरण्यापर्यंत जातो, एका रात्री त्यात बोटे गमावतो, आणि त्यानंतर बंद पडलेली खाण पुन्हा सुरू होत असल्याची बातमी येते. कथा वाचून झाल्यावर मी मुलांना अभिरूप न्यायालय भरवायला सांगितले. अट एकच होती: साक्षीदाराने कथेत नसलेले किंवा कथेवरून निश्चितपणे काढता न येणारे काहीही बोलायचे नाही. फिर्यादीच्या गटाने प्रेताची विटंबना आणि मृतांच्या नातेवाइकांची भावना हे मुद्दे इतके नेमके मांडले, की भीमाच्या बाजूच्या गटाला दोन दिवसांची मुदत मागावी लागली. मुदत संपल्यावर त्या गटाने न्यायाधीशांसमोर अर्ज ठेवला, की खाणीच्या मालकाला साक्षीला बोलवावे. त्यावर वाद झाला, कारण कथेत मालक असा समोर येतच नाही. मग एका मुलीने म्हटले, की ज्याच्या निर्णयामुळे हे सगळे घडले तोच कथेत दिसत नाही, हे लेखकाने मुद्दाम केले असले पाहिजे. कथेत जे लिहिलेले नाही तेही वाचावे लागते, हे मी त्यांना कधी शिकवले नव्हते. त्या वर्गातल्या काही मुलांचे आईवडील हंगामात वीटभट्टीवर किंवा ऊसतोडीला जातात. त्यांना भीमाची बाजू समजावून सांगण्याची गरज नव्हती. उलट, फिर्यादी पक्षाची बाजू समजून घेणे त्यांना अवघड गेले आणि त्यांनी ते केले.

आता मूल्यमापनाकडे येते, कारण अडचणीचे मूळ तेथे आहे. बदललेल्या अभ्यासक्रमाबरोबर प्रश्नपत्रिकेची ‘कृतिपत्रिका’ झाली, स्वमत आणि अभिव्यक्तीच्या कृती आल्या. हेतू चांगला होता. परंतु पाठ तेच आणि कृतींचे प्रकारही तेच असल्यामुळे वर्षभरात ‘स्वमत’ही छापून बाजारात आले. मुलाने स्वतःचे मत म्हणून दुसऱ्याने लिहिलेले मत पाठ करायचे, ही गोष्ट मला भाषाशिक्षणातली सर्वांत दुःखद गोष्ट वाटते. दुसरा मुद्दा अंतर्गत गुणांचा. शाळांच्या हाती असलेले भाषा विषयांचे 20 गुण मार्च 2019 च्या दहावीच्या परीक्षेपुरते काढून घेण्यात आले. राज्याचा निकाल आदल्या वर्षीच्या 89.41 टक्क्यांवरून 77.10 टक्क्यांवर आला, ओरड झाली, आणि पुढच्याच वर्षी ते गुण परत आले. त्या काळात वृत्तपत्रांत, सभागृहात, शिक्षक संघटनांत जी चर्चा झाली ती मी बारकाईने वाचली होती. गुण काढावेत म्हणणारे निकाल फुगतो म्हणत होते, परत द्यावेत म्हणणारे इतर मंडळांच्या मुलांशी प्रवेशाच्या स्पर्धेत आपली मुले मागे पडतील म्हणत होते. दोन्ही बाजूंना आपापला आधार होता. पण या 20 गुणांत मुलाने वर्षभर नेमके करायचे काय, हा प्रश्न कोणी विचारल्याचे माझ्या वाचनात आले नाही. आजही अनेक शाळांत फेब्रुवारीच्या एका दुपारी तोंडी परीक्षेचा कागद भरला जातो आणि सर्वांना 18, 19, 20 गुण पडतात. त्या गुणांची खरी कमाई करण्याची संधी मुलांना मिळतच नाही.

हेच 20 गुण वर्षभराच्या वाचननोंदींना, दोन-तीन चर्चांमधील सहभागाला आणि एका साहित्यप्रकल्पाला द्यावेत, प्रकल्पावर मुलाला पाच मिनिटे प्रश्न विचारावेत, आणि चिठ्ठ्या, नोंदवही, प्रकल्प हे सर्व शाळेत जपून ठेवून शेजारच्या शाळेतल्या शिक्षकाने त्यातले काही नमुने तपासावेत, असे मला सुचवायचे आहे. तोंडी प्रश्न विचारले की दुसऱ्याने लिहून दिलेला प्रकल्प लगेच उघडा पडतो. लेखी परीक्षेतही एक छोटा बदल मोठे काम करील. कुमारभारतीच्या, म्हणजे प्रथम भाषा मराठीच्या, कृतिपत्रिकेत गद्य विभागात अपठित उताऱ्याला 4 गुण आहेत, पण पद्य विभागाच्या 16 गुणांतली प्रत्येक कविता पाठ्यपुस्तकातलीच असते. रसग्रहणाच्या 4 गुणांसाठी मुलांनी पूर्वी न वाचलेली, सोपी, आठ-दहा ओळींची कविता द्यावी. ज्या दिवशी हे होईल त्या दिवसापासून राज्यातल्या प्रत्येक वर्गात कविता समोर ठेवून ती वाचायची कशी, यावर बोलणे सुरू होईल, कारण त्याचे उत्तर आधी छापून ठेवता येणार नाही.

यावर माझे सहकारी ज्या हरकती घेतात त्या मला क्षुल्लक वाटत नाहीत. 60-65 मुलांचा वर्ग, 35 मिनिटांचा तास, निवडणुकीची आणि सर्वेक्षणाची कामे, ऑनलाइन माहिती भरण्याचा तगादा, आणि या सगळ्यात मार्चपर्यंत पुस्तक पुरे करण्याची जबाबदारी. नववीत आलेल्या काही मुलांना परिच्छेद सलग वाचता येत नाही, त्यांच्याशी कवितेवर चर्चा कशी करणार, असेही विचारले जाते. अशा मुलांना मी आधी मोठ्याने वाचायला लावते, जोडीदार देते, आणि त्यांच्याकडून तोंडी मत घेते. वाचता न येणाऱ्या मुलाला मत नसते असे मला एकदाही आढळलेले नाही. अभ्यासक्रमाविषयी माझे उत्तर असे, की प्रत्येक पाठाला चर्चा लागत नाही. काही पाठ मुलांनी घरी वाचावेत आणि अर्ध्या तासात संपवावेत. व्याकरणाला सराव लागतो, त्याला चर्चेने काही होत नाही. काही कविता तर नुसत्या तीनदा चांगल्या म्हणाव्यात आणि त्यावर एक शब्दही बोलू नये, इतक्या त्या स्वयंपूर्ण असतात. सत्रात चार-पाच पाठ निवडून त्यांना आठवड्यातून एक जोडतास मिळाला, तर एवढे काम होते. तो जोडतास वेळापत्रकात घालणे मुख्याध्यापकांच्या हातात आहे. आमच्या शाळेत तो मिळवायला मला तीन वर्षे लागली, आणि बाजूच्या वर्गाला आवाजाचा त्रास होतो म्हणून दोनदा बंदही झाला. आता आम्ही त्या तासाला वडाखाली बसतो.

अमळनेरला हे सगळे नवीन वाटू नये. साने गुरुजी 1924 ते 1930 या काळात येथल्याच प्रताप हायस्कूलमध्ये शिक्षक होते. वसतिगृहातल्या मुलांसाठी ते हाताने लिहिलेले दैनिक काढत आणि 1928 मध्ये त्यांनी ‘विद्यार्थी’ हे मासिक सुरू केले. जवळजवळ 100 वर्षांपूर्वी एका शिक्षकाला मुलांसाठी रोज लिहावेसे वाटले. फेब्रुवारी 2024 मध्ये 97 वे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन याच गावी भरले, तेव्हा मी माझ्या वर्गाला घेऊन गेले होते. मुले पुस्तकांच्या दालनातून हलायला तयार नव्हती, आणि परतीच्या बसमध्ये दोघी जणी एका कवीने मंचावर म्हटलेल्या कवितेतल्या शेवटच्या ओळीवरून भांडत होत्या. मी मध्ये पडले नाही. त्या वर्षीपासून आमच्या वर्गाने हस्तलिखित काढायला सुरुवात केली. खोप्यांच्या नोंदी, ओव्या आणि न्यायालयाचा निकाल असे सगळे त्यात आले आहे. हस्तलिखिताची एकच प्रत असते आणि ती मुले आळीपाळीने घरी नेतात. एका मुलीच्या आजीने तिच्याकडून स्वतःचीच ओवी वाचून घेतली आणि त्यात एक शब्द चुकला आहे असे सांगून तो दुरुस्त करवून घेतला. ती दुरुस्ती समासात शाईने केलेली आहे.

आपल्याकडे माझी एक विनंती आहे. दरवर्षी डिसेंबरपासून आपल्यासह अनेक दैनिकांत दहावीच्या मराठीचे मार्गदर्शन छापले जाते आणि आमच्या गावात ज्यांच्या घरी गाईड येत नाही त्यांच्याही घरी आपला अंक येतो. त्या सदरात नमुना उत्तरे असतात. यंदा त्या जागेत आठवड्यातून एकदा पाठ्यपुस्तकात नसलेली एक छोटी कविता आणि तिच्याविषयी दोन उत्तरे संभवतील असा एकच प्रश्न छापावा, उत्तर छापू नये, आणि मुलांनी पाठवलेल्या उत्तरांपैकी परस्परविरोधी अशी दोन उत्तरे पुढच्या आठवड्यात शेजारी शेजारी द्यावीत. पहिल्या आठवड्यासाठी कविता निवडण्याचे काम आमचा दहावीचा वर्ग आनंदाने करील. मुलांनी तीन कविता काढून ठेवल्या आहेत आणि त्यांतली कोणती पाठवायची यावर अजून त्यांचे एकमत झालेले नाही.

आपली विश्वासू,
एक मराठी शिक्षिका
ता. अमळनेर, जि. जळगाव